करंजघरच्या वळणावरची रिकामी जागा

बसमधून उतरलात की आधी त्या वळणाकडे पाहा. तिथे देऊळ नाही, समाधी नाही. 'गाडी सावकाश हाका' असा एक सरकारी फलक तेवढा आहे. तरी आमचा ड्रायव्हर खाली उतरून, रस्त्याकडे पाठ करून, कमरेत वाकून नमस्कार करतो. मागे सोलापूरच्या एका गृहस्थांनी ते पाहून फलकालाच हळदकुंकू वाहिले. आम्ही त्यांना अडवले नाही. सरकारी फलकाच्या वाट्याला एरवी इतका मान येत नाही.

अंदमानातले हे करंजघर शिक्षा भोगून सुटलेल्या कैद्यांनी वसवले. त्यांतली काही घरे कोकणातली. युद्धाच्या काळात बेटांवर जपानी फौज आली आणि या वळणावर, एका रानबदामाखाली, पहारा बसला. धावपट्टीच्या सक्तीच्या कामावर जाणाऱ्या प्रत्येकाने पहारेकऱ्यासमोर कमरेतून वाकायचे, असा हुकूम होता. जो वाकत नसे त्याला पहिल्या दिवशी थप्पड मिळे. दुसऱ्यांदा त्याला ठाण्यावर नेत, आणि ठाण्यावरून फारसे कोणी परतत नसे.

येसूआक्काचा मुलगा धाकू वाकला नाही. त्याचे आजोबा साहेबापुढे वाकले नाहीत म्हणून काळ्या पाण्यावर आले, असे त्यांच्या घरात सांगत. शेजारी म्हशीच्या चोरीचे नाव घेत. काही असो, धाकूने आजोबांची शपथ घेतली होती की परक्या शिपायापुढे मान लववणार नाही. त्याने थप्पड खाल्ली आणि घरी येऊन तो जेवायला बसला. आक्काने त्याला वाढले.

दुसऱ्या दिवशी धाकू कामावर निघण्याआधी, म्हणे, पहारा बदलताना ती बदामाखाली गेली आणि घरातला शेंदूर फासलेला दगड मुळाशी ठेवून आली. तो राखणदार, म्हणजे जागेचे रक्षण करणारा देव. सासऱ्यांनी तो इथल्याच खाडीतून उचलून पुजला होता.

"तू राखणदाराला वाक," ती धाकूला म्हणाली. "मध्ये कोण उभा आहे ते बघायचं नाही. देवळातसुद्धा मध्ये कोणी ना कोणी उभा असतोच."

धाकू वाकला. शपथ राहिली आणि जीवही राहिला. हळूहळू सारे गाव वाकू लागले, तेही पूर्वीपेक्षा खोल, डोळे मिटून. ठाण्याचा कप्तान खूश झाला. इतकी शिस्त त्याने आपल्या शिपायांतही पाहिली नव्हती, असे सांगतात. ती दाखवायला त्याने पोर्ट ब्लेअरहून मोठ्या अधिकाऱ्याला बोलावले. बदामाकडे चिखल होता, म्हणून रस्त्याच्या पलीकडे चुना लावलेली नवी चौकी उभारली.

गावाचे प्रमुख बन्सी चौधरी यांनी सर्वांना बजावले, "उद्या नीट वाका." कुठल्या दिशेने, हे सांगायचे त्यांना सुचले नाही.

रांग आली, बदामाकडे वळली आणि मनोभावे वाकली. मोठ्या अधिकाऱ्याला करंजघरचे दर्शन पाठीमागूनच झाले.

कोणी हसले नाही. शिपायांनी बदामाखालून दगड शोधून काढला. कप्तानाने पूर्वी थप्पड खाल्लेल्या धाकूला रांगेतून ओढले आणि दुभाष्याकरवी फर्मावले, "दगडाला लाथ मार आणि साहेबांपुढे वाक." धाकू हलला नाही. तलवार उपसली गेली.

येसूआक्का पुढे आली. "दगड मी ठेवला," ती म्हणाली. "त्याला काय विचारता? त्याला घरातली पळी कुठे असते तेही माहीत नाही."

मग ती मुलाकडे वळली. "धाकू, राखणदार दगडात नसतो, जागेत असतो. उद्या तसाच वाक."

दगड आणि आक्का, दोघांना खाडीतून नावेत नेले. नाव रिकामी परतली.

दुसऱ्या दिवशी रांगेत पुढे धाकू होता. नव्या चौकीकडे पाठ करून तो बदामाच्या रिकाम्या मुळाशी वाकला, कपाळ चिखलाला लागेपर्यंत. मागून सारे गाव वाकले आणि गोळीची वाट पाहत तसेच राहिले. तेव्हा पहारेकरी, म्हणे, मुकाट्याने रस्ता ओलांडून बदामासमोर येऊन उभा राहिला. काही म्हणतात, त्याच्याही गावाच्या वाटेवर असाच एक दगड होता. काही म्हणतात, त्याला पुन्हा चौकशीचा ताप नको होता. पुढे फौजेने चौकीही अलीकडे आणली. लोक वाकतात त्या बाजूला उभे राहणे सोयीचे, एवढे कप्तानालाही कळले.

युद्ध संपले. उपासमारीने खंगलेली फौज याच वाटेने बंदराकडे गेली. कप्तान समोरून जाईपर्यंत धाकू वळणावर ताठ उभा होता. तो दिसेनासा झाल्यावर धाकू वळला आणि वाकला. पुढे बदाम वादळात पडला. गावाने नवा दगड बसवायचे ठरवले, तर धाकूने बसवू दिला नाही. म्हणाला, "जागा भरलेली आहे."

आजही करंजघरचा माणूस इथे रस्त्याकडे पाठ करूनच वाकतो, मग मागून कितीही मोठ्या अधिकाऱ्याची गाडी येवो. गावात आलेली नवी सून पहिल्यांदा विचारते, नमस्कार कोणाला करायचा? सासू सांगते, "धाकूच्या आईला. खाडीकडून घरी यायला तिला हीच एक वाट आहे."