कपाटातला रोबो आणि मैनाबाई

संस्थेचे अध्यक्ष गुणवंतराव यांनी बालवाडीसाठी रोबो आणला, नारळ फोडला, रोबो काचेच्या कपाटात ठेवला आणि किल्ली स्वतःच्या खिशात टाकली.

रोबो होता तळहाताएवढा, भुंग्यासारखा. पाठीवर बटणं. पुढचं तीनदा दाबलं की तीन घरं पुढं जायचा, मागचं दोनदा दाबलं की दोन घरं मागं यायचा. त्यावरून पोरांनी बेरीज-वजाबाकी शिकायची होती. पण पोरांनी मोडला तर, ही गुणवंतरावांना धास्ती.

बालवाडीत झाडलोट करून खिचडी रांधणाऱ्या मैनाबाईंना राहवलं नाही. "साहेब, कपाटात बसून तो कुणाला गणित शिकवणार?"

गुणवंतरावांना ते झोंबलं. "मग तुम्हीच शिकवून दाखवा. सोमवारी मी येतो. पोरांना वजाबाकी यायला हवी, तीही रोबोकडूनच. आणि एकाही पोराचं बोट रोबोला लागता कामा नये. नाही जमलं तर रोबो माझ्या दिवाणखान्यात."

शिक्षिका नलूताई मैनाबाईंचा पदर ओढून त्यांना गप्प करू लागल्या. मैनाबाईंनी शांतपणे विचारलं, "रोबो म्हणजे नेमकं काय हो, साहेब?"

"सांगितलं तेवढंच करतो. स्वतःचं डोकं चालवत नाही. तो रोबो."

सोमवारी गुणवंतराव आले, तर फरशीवर भिंतीपासून खडूनं घरं आखलेली, शून्य ते दहा.

"साहेब, पोरांना खेळायचंय तुमच्याशी," मैनाबाई म्हणाल्या. "ती सांगतील तेवढंच चाला."

गुणवंतराव खूश होऊन शून्यावर उभे राहिले. पाच वर्षांची आफरीन म्हणाली, "नऊ घरं पुढं." ते गेले. "आता चार मागं." ते वळले.

"वळायला कुठं सांगितलं?" आफरीननं दटावलं.

बिचारे धोतर सावरत उलटे चालले. पोरं मोजत होती. "एक, दोन, तीन, चार. पाचावर आले!"

मग एका पोरानं हुकूम सोडला, "सात मागं." पाच घरं होताच गुणवंतरावांची पाठ भिंतीवर आपटली. पोरं हसून लोळली.

"पाचातून सात जात नाहीत रे," आफरीन म्हणाली.

तासाभरात गुणवंतराव घामाघूम झाले. पण आता "आठावरून तीन मागं" म्हटलं, की त्यांचं पाऊल उचलण्याआधीच पोरं "पाच" म्हणून मोकळी होत होती.

खुर्चीत टेकून ते म्हणाले, "वजाबाकी आली, कबूल. पण रोबो तर कपाटातच आहे. त्यानं कुठं शिकवलं?"

"साहेब, गेला तासभर सांगितलं तेवढंच कोण करत होतं?" मैनाबाईंनी विचारलं. "आणि पोरांनी तुम्हाला बोट तरी लावलं का?"

गुणवंतरावांनी आपल्या खडूनं माखलेल्या पावलांकडे पाहिलं आणि ते टोपी पडेपर्यंत हसले. मग कपाट उघडून त्यांनी रोबो आफरीनच्या मांडीवर ठेवला.

"नलूताई," ते म्हणाले, "उद्यापासून खिचडीला दुसरी बाई बघा. मैनाबाई गणिताला."