गाभ्याबाहेरचा प्रकाश

“म्हणजे सर, प्रकाश आत टिकतो हे दिसतं, पण सिद्ध होत नाही. मग मी लिहू काय?”

विभावरीने हे तिसऱ्यांदा विचारलं. मुजावर सर जेवणाच्या टेबलाशी शेंगा सोलत बसले होते. मिरजेच्या कॉलेजात त्यांनी तीस वर्षं गणित शिकवलं. तिलाही.

“कुठे दिसतं?”

“संगणकावर. पाच वर्षं तेच बघतेय.”

“मग जरा शेंगा खा.”

तिचा प्रबंध काचेच्या तंतूवर होता. केसाएवढा तंतू, त्यात मधाच्या पोळ्यासारखी लांबच लांब पोकळ्यांची जाळी. मधली एक पोकळी इतरांपेक्षा किंचित लहान. तो गाभा. एवढ्याशा फरकानेही प्रकाश गाभ्यापाशी टिकतो, हे तिला सिद्ध करायचं होतं. शुक्रवारपर्यंत झालं नाही, तर प्रमेय प्रबंधातून काढावं लागणार होतं. मागे उरणार होते नुसते आकडे.

“तुझा अंदाज काढून दाखव.”

प्रकाश नेमका कसा पसरतो हे आधी ठाऊक असावं लागत नाही. एक अंदाज घ्यायचा, त्याचा आकडा काढायचा. आकडा ठरावीक उंबरठ्याखाली आला, की प्रकाश टिकतो हे सिद्ध. अंदाज चुकीचा असला तरी चालतं. विभावरीला हे पहिल्यापासून कमीपणाचं वाटे. निदान अंदाज तरी नीटनेटका हवा, असं तिचं म्हणणं.

तिने टेबलावरच्या पाटीवर गाभ्याच्या दोन कडा काढल्या. मध्ये प्रकाशाचा एक उंचवटा. कडांपाशी बरोबर शून्य.

“बाहेर काहीच नाही?”

“आत ठेवायचाय ना, सर. बाहेर सोडला तर हातचा जाईल.”

“आणि आकडा?”

“…उंबरठ्याच्या वर. दर वेळी.”

“येणारच. तुला मोरीत कोंडलं, तर तुझाही पारा चढेल.”

“सर!”

“अगं, एवढ्याशा जागेत चढायचं आणि उतरायचं. चढ केवढा झाला बघ. किंमत त्या चढाचीच पडतेय.”

सरांनी अंगठ्याने दोन्ही कडा पुसल्या. मग खडू घेऊन तिची रेघ पुढे नेली. हलक्या उताराने. पाटी संपली. रेघ लाकडी चौकटीवर चढली, तिथून टेबलावर उतरली.

“सर, टेबल…”

“पुसता येतं ते.”

रेघ समोरच्या रिकाम्या खुर्चीच्या दिशेने गेली. तिथे सरांच्या पत्नी जुबेदाकाकू बसायच्या. त्यांना जाऊन दोन वर्षं झाली होती.

सर थोडे थांबले…

मग त्यांनी रेघ टेबलाच्या काठापर्यंत नेली.

“बाहेरच्या जाळीची लय मोडू नकोस. तीच ठेव. फक्त हळूहळू उतरू दे. आणि आता आकडा काढ.”

“हा अंदाज अगदीच ढगळ आहे, सर.”

“असू दे. तुला थोडाच घालायचाय?”

ती वही उघडून बसली. दोन पानं भरली, तिसरं लागलं. उतार जितका लांबवावा, तितकी चढाची किंमत विरत गेली. गाभ्यामुळे आकड्यात होणारी किंचितशी घट तेवढी शिल्लक राहिली.

तिने बेरीज पुन्हा केली. मग पुन्हा.

“खाली आला,” ती म्हणाली. “सर… खाली आला.”

“किती?”

“अगदी थोडा.”

“थोडाच लागतो.”

ती हसायला लागली, आणि हसता हसता तिने डोळे पुसले. सरांनी सोललेले दाणे तिच्या तळहातावर ओतले. दोघंही दाणे खाऊ लागले.

मग तिच्या कपाळावर पुन्हा आठी उमटली.

“आणि फरक याहून कमी असला तर? अगदी नावाला?”

“तर आणखी लांब सोड.”

“पण लांब म्हणजे किती, सर?”

मुजावर सर टेबलावरच्या रेघेकडे बघत होते.

“तुला भीती वाटेल तिथपर्यंत… आणि मग थोडं आणखी.”