हरभरा आणि केस

फार पूर्वी, ज्या राज्यांची नावे आज कोणाच्याही स्मरणात उरलेली नाहीत त्या काळी, एका नदीच्या वळणावर एक खोल डोह होता. त्याच्या तळाशी बुडालेली झाडे आडवीतिडवी पडली होती, त्यामुळे तेथे टाकलेले जाळे कधी अखंड परत येत नसे. त्या डोहातील मासे धरायचे तर गळ हाच एक मार्ग होता, आणि गळाला ते मासे लागत नसत.

याचे कारण थोरली होती. थोरली ही डोहातील सर्वांत वृद्ध रोहू. तिने आपल्या कुळाला एकच नियम शिकवला होता. ती सांगे, "घास ओठांत घ्या, पण गिळण्याची घाई करू नका. आत काही कठीण लागते का, ते चाचपून पाहा. लागले तर थुंका. न लागले तर तो घास आपला." जे हा नियम पाळत ते म्हातारे होत. जे पाळत नसत त्यांची आठवणही मागे उरत नसे.

डोहाच्या काठी एक भोई राहत असे. त्याची बायको वारली होती आणि घरात भागी नावाची एकुलती एक मुलगी लग्नाला आली होती. ती सासरी गेली की झोपडीत आपल्याखेरीज दुसरे माणूस उरणार नाही, ही चिंता त्याला जाळत असे. घरजावई आणावा, तर ज्याच्या मालकीचे पाणी नाही त्याच्या दारी जावई येऊन राहणार कशाला? भागीला मात्र त्याचे हसू येई. ती म्हणे की आबांना जावई नको आहे, जन्मभर भाकऱ्या भाजणारी हवी आहे.

एके दिवशी राजाचा कारभारी डोहावर आला. राजवाड्यात मंगलकार्य होते, आणि याच डोहाची रोहू ताटात असावी अशी राजाची इच्छा होती. जो ती पुरवील त्याला हा डोह वंशपरंपरेने मिळेल, असे कारभाऱ्याने सांगितले.

भोई भोळा नव्हता. दुसऱ्याच्या तोंडासमोर आमिष धरण्यातच त्याचा जन्म गेला होता. त्याने विचारले, डोहावर कर बसेल काय? अर्धी मासळी द्यावी लागेल काय? वेठ करावी लागेल काय? नातवाच्या काळी कोणी डोह काढून घेईल काय? प्रत्येक प्रश्नाला कारभाऱ्याने नाही असे उत्तर दिले, आणि भोयाने आग्रह धरला तेव्हा बेलभंडारा उचलून शपथही घेतली.

"झाले का समाधान, भोईबुवा?"

"झाले, सरकार. यात काही दडलेले दिसत नाही."

दुसऱ्या दिवसापासून तो कामाला लागला. गांडुळे लावून झाली. कणकेत हिंग घालून झाला. तिळाची पेंड झाली, मधात मळलेले सातू झाले. गळही त्याने बारीक करत करत बाभळीच्या काट्याएवढा केला. तरीही प्रत्येक वेळी दोरी हलकेच थरथरे, पुन्हा स्थिर होई, आणि वर ओढावी तर गळ धुतल्यासारखा स्वच्छ निघे.

भागी काठावर बसून हे पाहत असे. ती म्हणाली, "आबा, हिंग झाला, मध झाला. आता फोडणी तेवढी राहिली. त्यांना तुमचा पाहुणचार आवडतो आहे, मुक्काम मात्र करायचा नाही."

बोलता बोलता ती उकडलेले हरभरे खात होती. न्हाऊन केस मोकळे सोडलेले होते. एक केस हरभऱ्याला चिकटून तिच्या तोंडात गेला. तिने हरभरा थुंकला, पण केस ओठालाच राहिला, आणि तो बोटाने काढताना तिने तोंड वेडेवाकडे केले.

भोई तिच्याकडे पाहतच राहिला. घास बाहेर आला होता, आणि घासाच्या पाठीमागून जे आत गेले होते ते ओठाला धरूनच राहिले होते.

त्या दिवशी त्याने आमिषातून गळ काढून घेतला. गळाच्या देठाला दोन बोटे लांबीचा धागा बांधला आणि त्याच्या टोकाला उकडलेला हरभरा ओवला. हरभरा सुटू नये म्हणून आडवी काडी लावली. आता गळ उघडा होता आणि आमिष निराळे होते. पण धागा जमेना. रेशीम पाण्यात चमके. सूत फुगे. घोड्याचा केस ताठ राही आणि माशाच्या ओठाला टोचे. शेवटी त्याने भागीकडे एक केस मागितला.

"एक घ्या, दहा घ्या," ती हसून म्हणाली. "तेवढ्याने काही टक्कल पडत नाही."

तिचे केस जन्मापासून कापलेले नव्हते. ते गुडघ्यापर्यंत येत, आणि पाण्यात पडताच पाण्यासारखेच होत.

भोयाने आधी काही दिवस मूठ मूठ हरभरे डोहात नुसतेच टाकले. थोरलीने ते चाचपले. आत काही नव्हते. तिने आपल्या कुळाला खाण्याची अनुज्ञा दिली. मग एका सकाळी भोयाने तो गळ सोडला. थोरलीने हरभरा ओठांत घेतला आणि नेहमीप्रमाणे चाचपला. तो मऊ होता. आत लोखंड नव्हते. ती चाचपत होती तेवढ्यात केसामागून उघडा गळ तिच्या तोंडात आला आणि ओठात रुतला.

गवतावर पडल्यावर ती म्हणाली, "मी घास चाचपला होता. त्यात काही नव्हते."

"घासात नव्हतेच," भोई म्हणाला. "घासाच्या शेजारी होते."

"म्हणजे माझी शिकवण खोटी होती?"

"खोटी नव्हती. अपुरी होती."

थोरली म्हणाली, "माझी सारी लेकरे तेवढीच शिकवण घेऊन खाली फिरत आहेत. मला एकदा परत सोड. त्यांना एवढे सांगते, आणि मी होऊन तुझ्या हाती येते."

भोयाला तिचे म्हणणे खरे वाटले. ती परत आली असती, याविषयीही त्याला शंका नव्हती. पण त्याने झोपडीकडे पाहिले. दारात भागी केस वाळवत बसली होती. त्याने थोरलीला पाटीत टाकले आणि वर ओले फडके झाकले.

पुढचे काम सोपे होते. त्या डोहात मूर्ख मासे पूर्वीच संपलेले होते. उरले होते ते सगळे शहाणे, घास चाचपणारे, आणि चाचपणारा प्रत्येक मासा गळाला लागला. मंगलकार्याचा दिवस येईपर्यंत डोहात एकही रोहू उरली नाही.

राजा संतुष्ट झाला. भर दरबारात डोह भोयाला देण्यात आला. डोहाविषयी दिलेल्या शब्दांपैकी एकही शब्द मोडला गेला नाही.

दरबार उठताना कारभाऱ्याने त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सहज विचारले की आजवर जे कोणाला साधले नाही ते तुला कसे साधले. तो प्रश्न देणगीचा भाग नव्हता. उत्तर द्यावे असे बंधनही नव्हते. परंतु आयुष्यात प्रथमच दरबारातील माणसे भोयाचे बोलणे ऐकण्यासाठी थांबली होती. त्याने सर्व सांगितले. रेशीम कसे फसले, सूत कसे फसले, हेही सांगितले. शेवटी तो अभिमानाने म्हणाला, "असा केस राज्यात दुसरा नाही. तो माझ्या भागीचाच."

आठवडा गेला नाही तोच डोहावर पालखी आली. राजाचे अनेक तलाव होते, आणि त्या सगळ्यांमध्ये असेच शहाणे मासे होते. मुलगी यापुढे राजवाड्यात राहील, तिला तेल मिळेल, फणी मिळेल, खायला उत्तम मिळेल, आणि तिचे केस वाढतील तसतसे कापले जातील, असे कारभाऱ्याने समजावून सांगितले. त्याचा स्वर कठोर नव्हता.

भोयाने त्याचे पाय धरले. तो म्हणाला, "सरकार, आपण शपथ घेतली होती."

"डोहाविषयी घेतली होती. डोहातले ओंजळभर पाणी तरी कोणी मागितले का तुझ्याकडे?"

पालखी उचलणारे भोयाच्याच वस्तीतले होते. त्यांनी मान वर केली नाही. भागी पालखीत बसली. आज तिने थट्टा केली नाही. ती एवढेच म्हणाली, "आबा, कोणाचा केस, ते कशाला सांगितलेत?"



पुढे तो अनेकदा राजवाड्यावर गेला. पहारेकरी त्याला ओळखत. स्वतःच्या मालकीचा डोह असलेला माणूस म्हणून ते त्याला सावलीत बसवत आणि पाणी देत. आत मात्र सोडत नसत. नंतर त्याचे गुडघे दुखू लागले आणि जाणे बंद झाले. तो काठावर बसून राही. पाण्यावर पान पडले तर तेवढेच तरंग उठत.

एखादा वाटसरू तहान भागवायला थांबे आणि विचारे, "बाबा, हा एवढा मोठा डोह कोणाचा?"

तो सांगे, "माझा."

बोध : देणगीच्या आत काय दडले आहे एवढेच पाहणारा फसतो; तिच्या शेजारून काय येत आहे, तेही पाहावे.