मोरूचा शनिवार

नदीकाठच्या धामणखेड गावी, पडक्या मारुतीच्या देवळात श्रीरंगो महाराज राहत होते तेव्हाची ही गोष्ट. गावात त्र्यंबकशास्त्र्यांची पाठशाळा होती. विद्वान माणूस, पण ताठा असा की समोरच्याने श्वासही विचारून घ्यावा!

त्यांच्याकडे मोरेश्वर नावाचा पोरका मुलगा शिकायला आला. गरिबाच्या मुलाने सात घरी सात वार लावून जेवावे, ही तेव्हाची रीत. मोरूला सहा घरे मिळाली. शनिवारी गावात घरोघरी मारुतीचा उपास. उपासाच्या दिवशी वार कोण लावून घेणार? त्या दिवशी मोरू नदीचे पाणी पिऊन घाटावर एकटाच बसे. दुपारी घराघरांतून मुलांना फराळाला हाका येत, त्या ऐकत बसे. त्याला हाक मारणारे कोणी नव्हते. लोक मात्र कौतुकाने म्हणत, "पोराचा शनिवार कडक हो!" हाय रे दैवा! उपाशी पोराला उपासकरी समजले सगळे.

आणि पाठांतराची परीक्षा नेमकी शनिवारी, दुपारनंतर. मोरूच्या डोळ्यांपुढे अंधारी येई, येत असलेला श्लोक अर्ध्यावर तुटे. शास्त्री हिणवीत, "उपासाने मारुती पावेल, विद्या नाही पावायची!" शेवटी एकदा म्हणाले, "पुढच्या शनिवारी अडलास तर वळकटी उचल आणि चालू लाग."

जायचे कुठे? तो शनिवार उजाडला. दुपारी मोरू देवळाच्या पायरीवर बसून रडू लागला. महाराज बाहेर आले.

"का रे बाळा, उपास का?"

"उपास नाही, महाराज. आज वारच नाही."

हे त्याने आजवर कोणाला सांगितले नव्हते. महाराजांचे डोळे भरून आले. म्हणाले, "माझ्याकडे तरी कुठे चूल आहे! तुझी भूक तेवढी दे इकडे." आणि त्यांनी त्याच्या पोटावरून हात फिरवला. काय नवल! पोटातली आग विझली, डोके स्वच्छ झाले.

इकडे शास्त्रीबुवांचा फराळ चालला होता. एकादशी अन् दुप्पट खाशी, तसा त्यांचा शनिवार! पण राजगिऱ्याच्या पुऱ्या संपल्या, दही संपले, तरी पोटात खड्डा तो खड्डाच. तसेच परीक्षेला बसले. मोरूला श्लोकाचा पहिला चरण दिला, त्याने पुढचे सगळे घडाघडा म्हटले. "चूक!" शास्त्री गरजले आणि स्वतः म्हणायला गेले, तर चाळीस वर्षांचा पाठ, पण दुसरी ओळ आठवेना. डोळ्यांपुढे अंधारी आली. मुले बघत राहिली.

घाबरून मोरूचा आधार घेत ते देवळात आले. "महाराज, मला हे काय झाले?"

महाराज म्हणाले, "काही नाही, शास्त्रीबुवा. मोरूचा शनिवार आहे तो. दर आठवड्याला त्याला असेच होते."

शास्त्री मोरूकडे वळले. "अरे, मला सांगायचे नाहीस?"

मोरू खाली मान घालून म्हणाला, "तुम्ही म्हणाला असता, गुरुजी, हा विद्येसाठी नाही, पोटासाठी आलाय."

खरेच म्हणाले असते! शास्त्र्यांना रडू फुटले. त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवले, ते उचलेनात.

"उठा आता," महाराज हळूच म्हणाले, "भूक नुसती इकडची तिकडे गेली आहे. पोर अजून जेवलेले नाही."