सभापतींची रिकामी खुर्ची

हेमांगी कुदळे जन्मापासून दृष्टिहीन. मनाने खचलेल्यांशी बोलून त्यांना सावरायचं काम ती गावोगाव करी. पंचायत समितीची एक खोली कुलपात पडून होती. ती या कामासाठी दर गुरुवारी वापरायला मिळावी, असा अर्ज घेऊन हेमांगी भर सभेत गेली.

सभापती दौलतराव जगदाळे मिशीला पीळ देत म्हणाले, "बाई, हात मोडला तर दिसतो. मनाचा आजार कुणी पाहिलाय? जे डोळ्यांना दिसत नाही ते आम्ही मानत नाही."

सभा हसली. हसू ओसरेपर्यंत हेमांगी थांबली.

"साहेब, मला तर तुम्हीही दिसत नाही. पण खुर्ची रिकामी आहे असं समजून मी परत फिरले नाही. आवाज ऐकला, माणूस आहे असं मानलं आणि अर्ज पुढे केला. खचलेल्या माणसाचंही आधी ऐकूनच घ्यायचं असतं."

आता सभा दुप्पट हसली. दौलतरावांनाही हसावंच लागलं, आणि हसता हसता त्यांनी सही केली.

पहिल्या गुरुवारी सगळ्यांच्या आधी दौलतरावच हजर झाले. "उद्घाटनाला आलोय," म्हणाले, आणि दार लोटून तासभर आपल्या उडालेल्या झोपेबद्दल बोलत राहिले.