हलगी शेकोटीला गेली

ढोल-ताशे अजून माणसांच्या हाती आले नव्हते, तेव्हा वाद्यांचं स्वतःचं एक विद्यापीठ होतं. तिथं शिकणाऱ्या हलगीचा आवाज सगळ्यांत खणखणीत होता. एका दमट पावसाळ्यात तिचं कातडं सैल पडलं. कितीही जोर लावला तरी नुसतं ‘भद्’ वाजायचं.

“नाटकं पुरे,” डफ म्हणाला. “मन लावून वाज की!”

अंगणात शेकोटी पेटलेली असे, पण तिथं बसणाऱ्याला सगळे ‘फुटका’ म्हणून चिडवत. हलगीनं गाठोडं बांधलं.

“मी शिक्षण सोडते,” ती तिच्या मैत्रिणीला, छोट्या दिमडीला म्हणाली. “माझ्यातच खोट आहे.”

“खोट कसली गं? ओल धरलीय तुला. चल शेकायला, मी येते बरोबर.”

भर दुपारी, सगळ्यांदेखत, दोघी शेकोटीपाशी बसल्या.

“फुटक्या!” डफ ओरडला.

त्या दिवशी फरक पडला नाही. दुसऱ्या दिवशीही त्या आल्या, तिसऱ्याही. हळूहळू कातडं ताणलं गेलं, आणि एका सकाळी हलगी अशी कडाडली की अख्खं अंगण नाचायला लागलं.

नाच संपला, सगळे पांगले. डफ मात्र शेकोटीपाशीच घुटमळत होता.

“हलगे,” तो हळूच म्हणाला, “जरा सरकतेस का?”