पहिल्या दळणाची कच

यमुनाबाईंच्या गिरणीत ज्याचा डबा आधी येईल, त्याचं दळण आधी. सभापती ढमढेरे आले आणि म्हाताऱ्या जनाक्कांचा डबा पायाने मागे ढकलून त्यांनी आपला पुढे ठेवला.

"माझ्यासारखं गिऱ्हाईक जपायला शिका, बाई."

अन्नाला पाय लावलेला पाहून यमुनाबाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, "दगडाला आजच टाकी लावून नव्या खाचा पाडल्यात, साहेब. टाकीनंतरच्या पहिल्या दळणात दगडाची कच उतरते. घालू तुमचे गहू पहिले?"

सभापतींनी आपला डबा स्वतः उचलून रांगेच्या शेवटी नेला.

जनाक्का घाबरल्या. "मग कच माझ्या ज्वारीत?"

"नाही, आक्का," यमुनाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ती सकाळीच माझ्या घरच्या दळणात काढली. गिऱ्हाईक असं जपतात."